उजनीचा विसर्ग आणि आपला घाट: भीमाकाठच्या ग्रामपंचायतीनं पुराआधी काय करून ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा: मोहोळ तालुक्यातलं भीमेकाठचं लहान गाव. पावसाळा लागला की "उजनीतून इतके हजार क्युसेक सोडले" असे मेसेज दिवसभर फिरतात (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी). त्यातला खरा कुठला, शिळा कुठला हे कळत नाही आणि खरा निघाला तरी त्यावर काय करायचं तेही कळत नाही. ग्रामपंचायतीच्या हातात नेमकं काय आहे आणि खर्च कुठून करायचा, असं नव्यानं निवडून आलेल्या सदस्यानं विचारलंय.

आधी आकड्याचं बघू. उजनीच्या रोजच्या पत्रकात विसर्गाच्या चार-पाच ओळी असतात: सांडवा, वीजनिर्मिती, मुख्य कालवा, बोगदा, उपसा योजना. यातलं भीमेच्या पात्रात येतं ते सांडव्याचं आणि वीजनिर्मितीचं. कालव्याचं पाणी नदीत येत नाही आणि बोगद्याचं तर सीनेकडे जातं. मेसेज फिरवणारा या सगळ्यांची बेरीज करून "एवढं सोडलं" म्हणतो, तिथंच पहिला घोळ होतो.

दुसरा घोळ टक्केवारीचा. उजनीचे 100 टक्के म्हणजे उपयुक्त साठा 53.57 टीएमसी (अब्ज घनफूट), त्याच्याखाली 63.66 टीएमसी मृतसाठा असतो. धरण भरत आलं की वरून येईल तेवढं खाली सोडण्याशिवाय इलाज नसतो. एक लाख क्युसेक दिवसभर वाहिले तर 8.64 टीएमसी होतात. म्हणून धरण 95 टक्क्यांच्या पुढं गेलं की उजनीच्या विसर्गापेक्षा दौंडची आवक बघायला लागा. खडकवासला साखळीतून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून बंडगार्डनवरून दौंडला येतं, दौंडहून उजनीत. दौंडचा आकडा चढला की उजनीचे दरवाजे उचलले जाणार, हे तुम्हाला आधीच कळतं.

आणि एकटी उजनी धरून चालत नाही. नीरेवरच्या वीर धरणाचं पाणी नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळतं. पंढरपूरला आणि तुमच्या गावाला येतं ते दोन्ही नद्यांचं मिळून. उजनीचा विसर्ग कमी केल्याची बातमी आली म्हणून लोक निर्धास्त होतात आणि वीरचं पाणी चढत असतं. दोन्ही आकडे वेळेसकट लिहून ठेवा. तालुक्यातल्या सीनाकाठच्या गावांना मात्र उजनीचं पत्रक फारसं कामाचं नाही. त्यांनी सीना-कोळेगाव, चांदणी आणि खासापुरी या प्रकल्पांकडं बघायचं. सप्टेंबर 2025 मध्ये सीनेनं माढा, करमाळा, मोहोळ आणि सोलापूरच्या दोन्ही तालुक्यांत जे केलं, ते या वरच्या भागातल्या पाण्यानंच.

एवढं सगळं नीट वाचलं तरी "80 हजार क्युसेक" म्हणजे आपल्या गावात पाणी कुठपर्यंत, हे कोणतंही पत्रक सांगत नाही. ते ग्रामपंचायतीनंच बसवायचं असतं, आणि माझ्या मते गावपातळीवरचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे. बाकीची सगळी तयारी यावर उभी राहते.

करायचं असं. घाटाच्या भिंतीवर किंवा पुलाच्या खांबावर, जिथं रात्री बॅटरीच्या उजेडात काठावरून दिसेल तिथं, एकेक फुटावर ऑइल पेंटनं पट्टे मारा आणि आकडे घाला. पावसाळ्यात रोज सकाळी 7 आणि संध्याकाळी 6 ला, पाणी चढत असताना दर तासाला, वाचन वहीत उतरवायचं: तारीख, वेळ, घाटावरचं फूट, त्या वेळचा उजनीचा आणि वीरचा शेवटचा अधिकृत आकडा. एकाच पावसाळ्यात कळतं, की विसर्ग वाढवल्यापासून आपल्या घाटावर पाणी चढायला किती तास लागतात. हा वेळ दर गावाला वेगळा असतो आणि नदी कोरडी असताना वेगळा, आधीच भरून वाहत असताना वेगळा. शेजारच्या गावाचा हिशेब उसना घेऊ नका.

मग घाटावरची पातळी वस्तीपर्यंत न्यायची. त्याला सर्व्हेअर लागत नाही. गवंड्याकडची पारदर्शक नळी पुरते. नळीत पाणी भरताना एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही; बुडबुडा राहिला की दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत येत नाही आणि चार-सहा इंचांचा फरक सहज पडतो. पाण्यात थोडी नीळ टाकली की पातळी ठळक दिसते. टोकं उघडी ठेवा, अंगठ्यानं दाबून वाचू नका. घाटावरच्या खुणेपासून टप्प्याटप्प्यानं सर्वात खालच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत जा, समाजमंदिर आणि डीपीच्या खांबावरही तीच पातळी उतरवा. हे काम नदीला आडवं, म्हणजे काठावरून गावात असं करायचं. नदीच्या लांबीत किलोमीटरभर वर किंवा खाली तीच खूण धरली तर चुकते, कारण पुराच्या पाण्याला उतार असतो.

आता तीन खुणा ठरवा: पांढरी, पिवळी, लाल. (निळी वापरू नका. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. कागदावर गोंधळ नको. आपल्या लाल खुणेवर शब्दांत "घर सोडा" असंच लिहा.) पांढरी खूण म्हणजे मोटारी वर घ्यायच्या आणि जनावरं हलवायची, पिवळी म्हणजे बंधारा आणि खालचा रस्ता बंद, लाल म्हणजे माणसं शाळेत.

लाल खूण कुठं मारायची याचा हिशेब उंबऱ्यापासून उलटा करायचा. समजा सर्वात खालची वस्ती पूर्ण हलवायला 4 तास लागतात. म्हातारी माणसं, शेळ्या, धान्याची पोती, ट्रॅक्टर मिळेपर्यंतचा वेळ सगळं धरून. वहीतल्या नोंदीप्रमाणे पाणी जास्तीत जास्त तासाला 1 फूट चढतं. म्हणजे 4 फूट झाले. त्यावर निम्मं राखून ठेवा: एकूण 6 फूट. उंबऱ्याच्या पातळीखाली 6 फुटांवर लाल पट्टा. लोक म्हणतील, "पाणी अजून एवढं खाली आहे आणि आत्ताच उठवता?" त्यांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा, पटतो. अंधाराचा नियम वेगळा: संध्याकाळी 5 ला पाणी चढत असेल आणि लाल खूण दोन फुटांच्या आत असेल, तर रात्रीची वाट न बघता हलवायचं. रात्री 2 वाजता झोपेतून उठवून माणूस हलवणं आणि दिवसाउजेडी हलवणं यात फार फरक आहे.

आता बातमीचं. गावाचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट असा ठेवा ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील; अ‍ॅडमिन तिघे: ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे तलाठीच. सरपंच गटात असावेत, पण सूचना या तिघांपैकी एकाच्या नावानं जावी. निवडणुकीतलं गावातलं राजकारण पुराच्या सूचनेला चिकटलं की निम्मं गाव ती मानत नाही. ज्या मेसेजमध्ये तारीख-वेळ, धरणाचं नाव आणि तो कोणत्या कार्यालयातून आला हे नाही, तो पुढं ढकलायचा नाही. पंढरपूरचा दगडी पूल पाण्याखाली गेल्याचे जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात नव्यानं फिरतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 प्रमाणे खोटा इशारा पसरवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे गटाच्या माहितीत एका ओळीत लिहून ठेवा, पुष्कळ लोक आपोआप शांत होतात.

सूचना कशी लिहावी, त्याचा नमुना:

"बुधवार, सकाळी 8. घाटावर पाणी 11 फूट, रात्रीपासून 2 फूट वाढलं. उजनीतून नदीत विसर्ग वाढवल्याचा तहसीलचा निरोप सकाळी 7:20 ला आला. वायरमन 10 वाजता नदीकाठच्या डीपी बंद करणार. त्यानंतरच मोटारी काढायच्या, दुपारी 2 च्या आत. बंधाऱ्यावरून जाणं-येणं आत्तापासून बंद. खालच्या वस्तीनं संध्याकाळी 5 च्या आत शाळेत यायचं. पुढची सूचना दुपारी 1 ला."

शेवटची ओळ विसरू नका. पुढची सूचना कधी येणार हे माहीत असलं की लोक मधल्या वेळात अफवा शोधत बसत नाहीत. आणि दुपारी 1 ला काही बदल नसला तरी "बदल नाही" अशी सूचना गेलीच पाहिजे. ज्यांच्याकडं स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी देवळाचा भोंगा आणि दवंडी. भोंग्याला बॅटरीची सोय करून ठेवा, कारण पुरात पहिली वीज जाते. ग्राम सुरक्षा यंत्रणेत गावाची नोंद असेल तर 1800 270 3600 वर केलेला निरोप नोंदवलेल्या सगळ्या मोबाइलवर फोन होऊन एकाच वेळी वाजतो. साध्या फोनवरही चालतं. मात्र नंबर नोंदवलेले हवेत आणि पावसाळ्याआधी एकदा चाचणी घ्यायला हवी.

मोटारींवर सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडं नदीकाठी जीव जातो तो बहुतेक या धांदलीत. विसर्ग वाढला की मोटार, केबल, स्टार्टर, पाइप वाचवायला माणसं पात्रात उतरतात. डीपी चालू असतो, केबलचा जोड कुठंतरी उघडा असतो, पाय चिखलात रुतलेले असतात. स्टार्टरचं बटण दाबून मोटार बंद केली म्हणजे वीज गेली असं नव्हे. स्टार्टरपर्यंतची केबल जिवंतच राहते. डीपीवरच्या फ्यूजा स्वतः उपसणं हाही उद्योग करू नका. महावितरणच्या वायरमननं एबी स्विच (डीपीची वीज तोडणारा खांबावरचा स्विच) पाडायचा आणि पाडल्याचं पोलीस पाटलांना फोनवर सांगायचं, मगच पहिला माणूस पाण्याकडं जाईल, हा क्रम ग्रामसभेत ठरवून घ्या. मोटार काढायला कुणीही एकटं उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावर झाडाला एक वेढा देऊन दोघांच्या हातात. मोनोब्लॉक (पाण्याबाहेर बसवलेली मोटार) असेल तर आधी पाइपाचा जोड सोडून मोटार वर ओढा, फूट व्हॉल्व्ह आणि पाइप गेले तर जाऊ द्या. पाणबुडी मोटारीला पावसाळ्याच्या सुरुवातीलाच वायररोप बांधून त्याचं टोक काठावरच्या झाडाला ठेवलं तर पात्रात उतरावंच लागत नाही, ट्रॅक्टरनं ओढून निघते. आणि पिवळी खूण बुडाली की मोटार सोडून द्यायची. पाणी ओसरल्यावर चिखलातून मोटार मिळते, रिवाइंड होते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून दुचाकी घालणं हा दुसरा हमखास प्रकार. बंधाऱ्याच्या माथ्यावर घोट्याएवढं पाणी दिसतं, पण ते पलीकडं कोसळत असतं; वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. साधारण फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. शिवाय कठडे आधीच मोडलेले असतात आणि गढूळ पाण्यात कडा दिसत नाही. बंधाऱ्याची दारं वेळेत काढलेली नसली तर जलपर्णी आणि ओंडके अडकतात, पाणी बाजूच्या भरावातून वाट काढतं आणि बंधारा जागेवर राहून जोडरस्ताच वाहून जातो. परतीच्या पावसात ही भीती जास्त, कारण ऑक्टोबरात पाणी अडवायच्या घाईनं दारं टाकलेली असतात आणि मागून पूर येतो. मे अखेर आणि सप्टेंबर अखेर अशी दोनदा जलसंपदा शाखेला लेखी विचारणा करा: दारं काढली का, टाकणार कधी. उत्तराची प्रत दप्तरी ठेवा. दोन्ही तोंडांना दगड रचून भागत नाही, लोक दगड सरकवून जातात. लोखंडी पाइपचा आडवा अडसर, त्याला कुलूप, आणि किल्ली दोघांकडंच.

पुराखेरीज एक धोका आहे, त्याकडं कुणाचं लक्ष नसतं. उन्हाळ्यात सोलापूर शहराच्या पाण्यासाठी औज बंधाऱ्यापर्यंत नदीतून आवर्तन सोडतात. आषाढीच्या आधी चंद्रभागेत स्नानासाठी पाणी सोडतात. आभाळ निरभ्र असतं, काल गुडघाभर असलेल्या जागी आज पुरुषभर पाणी असतं, आणि खाली वाळूउपशाचे खड्डे. पोहता येणारी मुलंसुद्धा अशा खड्ड्यात जातात, कारण उथळ पात्रात चालता चालता पायाखालची वाळू एकदम सरकते. नदी आटलेली असताना, एप्रिल-मेमध्ये, पात्रात फिरून खड्ड्यांच्या जागा काठावरच्या ठळक खुणांशी जोडून कागदावर उतरवा आणि त्या काठावर खांब रोवा. "पोहण्यास मनाई" एवढ्या पाटीनं काही होत नाही. "इथून 20 पावलांवर 15 फूट खड्डा" असं लिहिलं की आई पोराचा हात धरते. उपसा चालू असेल तर तहसीलदारांकडं तक्रार लेखी, जागा आणि तारीख घालून.

उजनीच्या फुगवट्याकाठच्या, करमाळ्याकडच्या गावांसाठी होडीचा विषय वेगळा आहे. 21 मे 2024 ला कुगाव ते कळाशी होडी वादळी वाऱ्यात उलटून 6 जण गेले. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा वारा मिनिटांत उठतो, एवढ्या रुंद पाण्यावर लाटा होडीच्या काठाच्या वर जातात. त्या दिवसांत दुपारी 3 नंतर होडी बंद, दुचाकी होडीत चढवणं बंद, आणि लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलं. होडीच्या तळाशी रचून ठेवलेलं जॅकेट उपयोगाचं नाही.

घाटावर ठेवायचं सामान फार लागत नाही. 2.5 किलोच्या दोन लाइफ रिंगा. तरंगणारा पॉलिप्रॉपिलीन दोर 10 ते 12 मिलिमीटर जाडीचा, 30 मीटरचे तीन तुकडे (नायलॉनचा दोर बुडतो, म्हणून फेकायला तो नको). लाइफ जॅकेट मोठी सहा, लहान मुलांच्या मापाची दोन. ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूब चार. लांब बांबू, शिट्ट्या, दोन बॅटऱ्या. कपाटाला कुलूप लावाल तर किल्लीसाठी माणूस धावेल. काच फोडता येईल असं किंवा नुसती कडी असलेलं कपाट करा, चोरीचा धोका पत्करा. जॅकेट दर वर्षी मे महिन्यात पाण्यात तासभर बुडवून बघा. स्वस्तातल्या जॅकेटातला फोम पाणी पितो, असं जॅकेट जड होऊन माणसाला खाली ओढतं.

बुडणाऱ्याला आधी आवाज, मग बांबू, मग दोर किंवा रिंग, आणि पाण्यात उतरणं सगळ्यात शेवटी, तेही दोर बांधून. एकाला वाचवायला गेलेला दुसरा बुडणं ही आपल्याकडची नेहमीची बातमी आहे. बाहेर काढल्यावर मडक्यावर पालथं घालणं, उलटं धरून गरगर फिरवणं, पोट दाबणं, यातलं काहीही करू नका. त्यानं पोटातलं अन्न श्वासनळीत जातं आणि मोलाची मिनिटं वाया जातात. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडानं पाच श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर 30 दाब आणि 2 श्वास असा क्रम 108 ची गाडी येईपर्यंत. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही होतो.

अधिकाराबद्दल गैरसमज आहेत. घर सोडण्याचा सक्तीचा आदेश सरपंच काढू शकत नाहीत. तो अधिकार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा, म्हणजे व्यवहारात जिल्हाधिकाऱ्यांनी नेमून दिलेल्या प्रांत-तहसीलदारांचा. त्याच कायद्याच्या कलम 41 प्रमाणे तयारी ठेवणं हे स्थानिक संस्थेचं कर्तव्य मात्र आहे. म्हणून कुणी ऐकत नसेल तर हुज्जत घालू नका, नाव आणि वेळ लिहून पोलीस पाटलांमार्फत तहसीलला कळवा. जिल्हा नियंत्रण कक्ष 1077, पोलीस मदत 112. एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ सुदुंबऱ्याहून निघते, त्यामुळं तिची मागणी पाणी लाल खुणेला लागायच्या आधी जायला हवी.

खर्चाचं सोपं आहे, पण वेळेत केलं तर. खुणा, रंग, दोर, रिंगा हे ग्रामनिधीतून ताबडतोब होतं. जॅकेट, भोंगा, अडसर यांसाठी वित्त आयोगाच्या अबंधित निधीत (ठरावीक कामाचं बंधन नसलेल्या हिश्श्यात) तरतूद करता येते. मात्र ते काम गाव विकास आराखड्यात चढलेलं नसेल तर ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरून पैसे निघत नाहीत. जूनमध्ये आठवण होऊन काही होत नाही. आराखड्याच्या ग्रामसभेत "आपत्ती पूर्वतयारी" असं मोघम न लिहिता वस्तू आणि नग लिहून ठराव घ्या.

पाणी ओसरल्यावर तीन गोष्टी लगेच. डीपी आणि घरातली वायरिंग वायरमननं तपासल्याशिवाय वीज चालू करायची नाही. पाणीपुरवठ्याच्या विहिरीतला गाळ-पाणी उपसा, पण जमीन ओली गच्च असताना विहीर एकदम कोरडी करू नका, जुनी बांधीव विहीर आत ढासळते. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: विहीर 5 मीटर व्यासाची, पाणी 4 मीटर, म्हणजे सुमारे 78,500 लिटर, हजार लिटरला 5 ग्रॅम धरून साधारण 390 ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत ओतून ढवळा, तासाभरानं ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायची). पिवळा रंग आला नाही तर पुन्हा टीसीएल. पोतं फोडून ठेवलेलं असेल तर त्यातला क्लोरीन उडालेला असतो, हे नेहमीचं कारण.

तिसरी गोष्ट पंचनाम्याची. तलाठी येईपर्यंत चिखल काढू नये असं लोक समजतात आणि रोगराई ओढवून घेतात. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, भिंतीवरच्या पाण्याच्या डागाला खडूनं रेघ मारून तिची उंची मोजा, मग साफ करा. मेलेल्या जनावराचा कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर दिसेल असा फोटो आणि पशुवैद्यकाचा शवविच्छेदन अहवाल हवा. पुरल्यावर दोन्ही मिळत नाही. घाटाच्या वहीतली त्या रात्रीची पानं झेरॉक्स करून पंचनाम्याला जोडा. पाणी किती वाजता कुठपर्यंत होतं यावर नंतर वाद होतो आणि गावाकडं त्याचा दुसरा लेखी पुरावा सहसा नसतो.